उचलून नेलेला कारखाना

क्रेन आली तेव्हा अन्नपूर्णा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. इंजिनाची जड घरघर रोडवरून आत आली, न्हाणीवरची टिनं थरथरली आणि तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. समोर बाजेवर तिचा नवरा, श्रावण थूल मिस्त्री, पेपर धरून बसला होता. त्यानं पान उलटलं.

"आली वाटते," ती म्हणाली.

"येऊ दे."

"अवो, येऊ दे काय? पोरगी कारखाना घेऊन चालली."

"कोठी नेते?" श्रावणनं पेपरच्या आडूनच विचारलं. "उभं राह्यलेलं घर कोनी नेत असते काय? दोन-चार पत्रे काढन, दारं काढन, मंग थकन. तवा येईन इकडंच."

अनुपच्या साक्षगंधापासून तो हेच म्हणत होता. नातवाचा साखरपुडा, मांडवात पन्नास पाहुणे, आणि पंगत उठता उठता श्रावणनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, की रोडवरची जागा पोराची, रत्नदीपची. लेकीनं, जागृतीनं, तिच्या कारखान्याचं तिचं तिनं पाहावं. जागृती तेव्हा पंगतीत वाढत होती. हातातलं जिलेबीचं ताट तिनं पुढच्या पाहुण्यापर्यंत नेलं, वाढलं, आणि मग ती आत गेली. अन्नपूर्णा तिथंच उभी होती. तिला बोलता आलं असतं. त्या जागेच्या पैशात तिचंही माती कालवणं होतं, विटा वाहणं होतं. पण चारचौघांत नवऱ्याचा शब्द कसा खाली पाडायचा, म्हणून ती गप्प राहिली.

तिला नवऱ्याचा राग यायचा आणि नवरा कशातून वर आलाय हेही कळायचं. सासरा चिंधू दुसऱ्याच्या भट्टीवर विटा वाहून म्हातारा झाला. छप्पनच्या दीक्षेहून परत आला तेव्हा त्यानं ठरवलं होतं, की पोरानं डोक्यावर विटा घ्यायच्या नाहीत, हातात थापी धरायची. श्रावणनं धरली. आंजी गावातलं विहार त्याच्या हातचं, शाळेच्या मागच्या खोल्या त्याच्या हातच्या, ज्या घरांत त्याच्या बापाला ओसरीपलीकडे जाऊ देत नव्हते त्यांच्या माड्यासुद्धा त्याच्याच हातच्या. त्याच्या लेखी बांधणं म्हणजे एकदा उभं केलं की ते माणसाच्या मागे उरणार. जागृतीचा कारखाना नागपूरकडून तयार खोल्यांच्या डब्ब्या-डब्ब्यांनी आला त्या दिवशी तो मुद्दाम आष्टीला मामेभावाकडे जाऊन बसला होता. परत आला तेव्हा रोडवर इमारत उभी होती. ती कशी उभी राहिली हे त्यानं पाहिलंच नव्हतं, आणि जे पाहिलं नाही ते त्याच्या डोक्यात कधी शिरलं नाही.

अन्नपूर्णानं सूप बाजूला सारलं, पदर सारखा केला.

"मी चालली तिकडं."

"जाय."

"तुमी नाई येत?"

पेपर हलला नाही. अन्नपूर्णा फाटकाबाहेर पडली.

*

रोडच्या कडेला रत्नदीप हाताची घडी घालून उभा होता. नागपूरच्या कंपनीचा धनंजय नावाचा इंजिनीअर माणसांना खुणा करत फिरत होता. छतावरच्या सोलरच्या पाट्या आदल्या दिवशीच उतरवून झाल्या होत्या. पावसाच्या पाण्याची टाकी सुटी होऊन निंबाखाली आडवी पडली होती. आता भिंतींच्या सांध्यांवरच्या पट्ट्या निघत होत्या, आणि त्यांच्यामागून बोल्ट दिसत होते, एका रांगेत, ग्रीस लावलेले. नवे असावेत तसे.

रत्नदीपनं आयुष्य बांधकामात काढलं होतं. बाप मिस्त्री, हा ठेकेदार. स्वतःची विटाभट्टी, हाताखाली वीसेक माणसं. इमारत पाडताना त्यानं पुष्कळ पाहिल्या होत्या. घण, धूळ, वाकड्या सळ्या, ट्रॉलीभर मलबा. इथं धूळ नव्हती. कोणी ओरडत नव्हतं. इमारत जशी जोडली तशी सुटत होती.

जागृती पुण्याची नोकरी सोडून परत आली तेव्हा सगळ्यात आधी त्यालाच भेटली होती. इथल्या कापसाच्या कापडाचे लहान पोरांचे कपडे शिवायचे, गावातल्या बायांना गावातच काम द्यायचं, असं तिच्या मनात होतं. रत्नदीप खूश झाला. त्यानं मनातल्या मनात विटा मोजल्या, माणसं मोजली. मग तिनं नकाशा पसरला.

"भिती तयार येतात दादा. फॅक्टरीतच बनते सारं. आत गव्हांडा, गव्हाचं काड, दाबून भरलेल्या पाट्या असतात, वरतं दोन छतं, मधातून हवा खेळते. उन्हाळ्यात बायाईले कूलर लागत नाई. विटा भाजा लागत नाई, भितीवर तराईचं पानी मारा लागत नाई. इथं फक्त पाये भराचे हाय. ते तू करून दे."

"निस्ते खड्डे भराले बोलावून राह्यली मले?" तो म्हणाला होता. "थुलाईच्या घरचा कारखाना आन् थुलाची एक वीट नाई त्याले? मी नाई करत."

तिनं वर्ध्याहून माणसं आणून पाये भरून घेतले. कारखाना उभा राहिला, चाललाही. रत्नदीपची बायको भावना तिथं कटिंगच्या टेबलावर लागली आणि घरी येऊन नणंदेचं कौतुक करू लागली. ते त्याला टोचायचं. तो संध्याकाळी बापाजवळ बसायचा. रोडवरची जागा, तिथं दुकानांचे गाळे निघाले असते, पोरीच्या नादानं सारं गेलं, असं रोज थोडं थोडं बोलायचं. भिंतीला ओल चढते तसं ते बापाच्या मनात चढत गेलं. साक्षगंधाच्या मांडवात बाप बोलला तेव्हा ते शब्द रत्नदीपला ओळखीचे वाटले. त्याचेच होते.

त्या रात्री त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

महिनाभरापूर्वी भावनानं भाकर वाढता वाढता सांगितलं, "ताईनं देवळीच्या रस्त्यावर जागा घेतली भाड्यानं. पन तिथचे पाये कोन्या ठेकेदारानं वाकडे भरले म्हनते. डब्बे बसत नाई त्याच्यावर. इंजिनीअर म्हने, तोडा लागन. ताई काल टेबलावर डोकं ठेवून बसली होती."

दुसऱ्या दिवशी रत्नदीपनं आपले दोन मिस्त्री घेतले, लेव्हल पाहायची मशीन घेतली आणि देवळीच्या रस्त्यानं निघाला. तिथं जाऊन पाये तोडले. नकाशावरून पुन्हा आखणी केली. बोल्टांच्या जागा केसभर हलून चालणार नव्हत्या. त्याच्या माणसांना असलं काम नवीन होतं. पहिला दिवस चुकत गेला, नंतर हात बसला. एका दुपारी जागृती आली, कडेला उभी राहून पाहत राहिली. तिनं पाण्याची बाटली त्याच्याकडे धरली. त्यानं घेतली. एवढंच.

काम करताना त्याला एक गोष्ट पुरती कळत होती. हे पाये वाकडेच राहिले असते तर जागृतीला हलता आलं नसतं. ती आंजीतच राहिली असती. भांडत का होईना, राहिली असती. आणि तो स्वतःच्या हातानं ते सरळ करत होता. हेच काम तेव्हा रोडवर केलं असतं तर आज क्रेन यायचं कारणच नव्हतं. त्यानं वाळलेल्या काँक्रीटवर हात फिरवला आणि घरी येऊन बापाला काही सांगितलं नाही.

*

बाया सकाळपासून निंबाखाली जमल्या होत्या. आज काम नव्हतं, तरी आल्या होत्या. कोणी पोरगं कडेवर घेऊन, कोणी शेतात जाता जाता. जागृती त्यांच्यामध्ये उभी होती.

"गाडी रोज याईन ना ताई?" एकीनं विचारलं.

"येईन. सकाळी नेईन, सांजेले आनून सोडन."

"माही सासू म्हनते, इतक्या दूर नोको जाऊ. इथं हाकेवर होतं तवा जमे."

सगळ्या येणार नव्हत्या, हे जागृतीला ठाऊक होतं. ज्यांची पोरं लहान, ज्यांच्या घरी म्हातारं माणूस अंथरुणावर, त्या मागे राहणार. तिनं ज्यांच्यासाठी गावात कारखाना आणला, नेमक्या त्याच.

ती आत गेली. मशिनी टेम्पोतून आधीच गेल्या होत्या. रिकामी खोली मोठी दिसत होती. उत्तरेकडच्या उंच खिडक्यांतून सावलीचा उजेड जमिनीवर पडला होता. मागच्या मे महिन्यात बाहेर डांबर वितळत असताना बाया इथं पंख्याखाली गाणी म्हणत शिवत होत्या. तेव्हा तिला वाटलं होतं, आपलं काहीतरी बरोबर आलं.

"जागृती."

माय दारात उभी होती. आत आली, भिंतीला हात लावून पाहिला.

"खरंच निंगते हे?"

"निंगते माय. तशीच बनवली होती. इथं कधी काम वाढलं तर आनखी डब्बे जोडता याव, म्हनून. काढाची म्हनून नाई बनवली."

अन्नपूर्णा जमिनीवरच बसली. "एक इचारू? तुह्या बापानं एक शब्द म्हटला असता, राहाय म्हनून, तर राह्यली असती तू?"

"हाव."

"मंग तूच काऊन नाई गेली त्याच्यापाशी? बाबा, मले राहू द्या, एवढंच म्हनाचं होतं. तो वाट पाहून राह्यला होता ना वं. रोज सांजेले फाटकाकडं पाहे."

जागृती खिडकीकडे वळली. मायला सांगावं की नाही, कळेना. मग बोलली.

"माय, हे बांधाचं ठरलं तवा म्या बाबाले पुन्याहून फोन केला होता. मले लय खुशी होती. म्या म्हटलं, बाबा, अशी इमारत बांधून राह्यलो की तिच्यात मिस्त्रीचं कामच नाई. बाबा म्हने, 'अस्सं.' आन् फोन तुह्यापाशी देल्ला. म्या इमारतीची तारीफ करून राह्यली होती. तो कोन हाय हे इसरूनच गेली. पाया कसा घ्याचा, वारा कोनीकडून येते, पानी कुठं साचते, एक गोष्ट इचारली नाई त्याले. या मातीतलं त्याच्यावानी कोनाले माहीत हाय?"

"मंग सांग ना त्याले."

"कसं सांगू? आता सांगतलं तर जागेसाठी गोड बोलून राह्यली म्हनन."

बाहेरून धनंजयनं हाक मारली, "मॅडम, क्रेनचे पट्टे लावतोय. बाहेर या."

जागृतीनं मायला हात देऊन उठवलं. दोघी बाहेर आल्या. दार बंद करायला तिचा हात मागे गेला, आणि मग तिनं ते तसंच उघडं ठेवलं. धनंजयच्या माणसानं ते लावून घेतलं.

*

श्रावणनं पेपर कधीच खाली ठेवला होता. तो अंगणात उभा होता. आवाज ऐकत होता. घणाचा आवाज येईल, पत्रे आपटतील, कोणी शिव्या देईल, याची तो वाट पाहत होता. तसलं काही येत नव्हतं.

मग शेजारच्या माडीच्या वरून त्याला ती दिसली. एक अख्खी खोली आकाशात होती. पट्ट्यांना लटकलेली, खिडक्यांसकट, वळचणीच्या पन्हाळीसकट, हळूहळू फिरत. खिडकीची काच चमकली. खोली थोडी सरकली आणि माडीमागे खाली गेली.

श्रावणला आधी काही समजलं नाही. त्याच्या उभ्या जन्मात त्यानं असं काही पाहिलं नव्हतं. मग कळलं. खरंच नेऊन राह्यली. तो तसाच निघाला. फाटकापर्यंत गेल्यावर पायात चप्पल नाही हे कळलं, पण मागे वळला नाही.

रोडवर पोचला तेव्हा ट्रेलर भरत आले होते. जिथं कारखाना होता तिथं आता अर्धाच उरला होता, एका बाजूनं उघडा. उघड्या बाजूनं आतला पांढरा रंग दिसत होता. बाया बाजूला झाल्या. श्रावण सरळ जागृतीसमोर जाऊन उभा राहिला. धापा टाकत होता.

"राहू दे," तो म्हणाला.

जागृतीनं त्याच्या धुळीनं भरलेल्या पायांकडे पाहिलं. "बाबा, चप्पल—"

"राहू दे म्हनतो. जागा तुही. म्या म्हटलं ते म्हटलं. आता सांगतो, सगळ्याइसमोर सांगतो. जागा तुही. उतरव ते खाली."

धनंजयनं हात वर करून क्रेन थांबवली. अन्नपूर्णानं डोळे मिटले. हा शब्द तिला किती दिवसांपासून हवा होता.

जागृतीचा चेहरा मऊ झाला आणि पुन्हा घट्ट झाला. "बाबा, हे आंधीच म्हटलं असतं..."

"आता म्हनतो ना."

"तिकडच्या जागेचा करार झाला. लाइनचं मीटर बसलं. मशिनी गेल्या. माल द्याची तारीख ठरली हाय, एक हप्ता काम बंद राह्यलं तर ऑर्डर जाते, आन् मंग कोनत्याच बाईले काम राहत नाई." तिनं ट्रेलरकडे पाहिलं. "मले वाटत नाई का बाबा? पन आता नाई फिरवता येत."

श्रावण ऐकत होता, पण त्याची नजर ट्रेलरवरच्या खोलीच्या तळाकडे होती. तिथं लोखंडी पाय होते आणि पायांना भोकं. सवयीनं त्याच्या तोंडून प्रश्न निघाला.

"तिथचे पाये पक्के हाय काय? ती काळी माती हाय. पान्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. किती खोल गेले? कोनं भरले?"

जागृती रत्नदीपकडे पाहू लागली. भावना पाहू लागली. श्रावणनं त्यांच्या नजरेमागून मान वळवली.

"म्या," रत्नदीप म्हणाला.

"तू?"

"आंधी कोन्या ठेकेदारानं वाकडे भरले होते. म्या तोडून परत भरले. मुरूम लागेपर्यंत गेलो. तुमी सांगता तसंच केलं."

"मी तुह्यासाठी," श्रावणनं सुरू केलं. "तुह्यासाठी म्या पोरीले चार मान्साईत—"

"माह्यासाठीच केलं बाबा. नाई म्हनत नाई मी." रत्नदीपनं खाली पाहिलं. "रोज तुमच्यापाशी येऊन बसे. रोज तेच सांगे. पन तुमी आयकाले नाई पाह्यजे होतं. कानाखाली एक ठेवून देल्ली असती मले, त बरं झालं असतं."

"आन् तिच्या तिथं जाऊन पाये भरले, ते मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं त तुमी थांबोलं असतं."

"थांबोलं असतं," श्रावण म्हणाला. त्याचा आवाज एकदम म्हातारा झाला. "तेच त कराचं होतं. कोनीतरी थांबोवाचं होतं."

क्रेनवाल्यानं वरून विचारलं, काय करायचं. धनंजयनं जागृतीकडे पाहिलं. जागृतीनं मान हलवली. पट्टे ताणले गेले, उरलेला भाग आधी जरासा कुरकुरला, मग जमिनीपासून सुटला. श्रावणनं या वेळी जवळून पाहिलं. खोली डोक्यावरून जात असताना त्याची नजर कडेच्या सांध्यावरून फिरली. सांधा सरळ होता. कुठं फट नव्हती, कुठं घासलं नव्हतं.

"काम साफ हाय," तो कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाला.

जागृतीनं ऐकलं. ती जवळ आली. "बाबा, चला ना तिकडं. बसवतानी पाहा. दादा चालला, माय चालली."

"तुमी जा."

"चला हो," अन्नपूर्णानं त्याचा दंड धरला. "एकटे काय करसान इथं?"

"जा म्हटलं ना. मले नाई पाहाचं." तो चिडून बोलला नाही, आणि त्यामुळे कोणाला पुढे आग्रह करता आला नाही.

ट्रेलर वर्ध्याच्या दिशेनं निघाले. त्यांच्यामागे जागृतीची गाडी, तिच्यात अन्नपूर्णा आणि भावना, मागून मोटारसायकलवर रत्नदीप. बाया हळूहळू पांगल्या. श्रावण रिकाम्या जागेत उभा राहिला. काँक्रीटचे ठोकळे रांगेत राहिले होते, वर्ध्याच्या माणसांनी भरलेले. मधली जमीन अजून ओलसर आणि फिकी होती. इतके दिवस तिनं ऊन पाहिलं नव्हतं.

*

अन्नपूर्णा त्या दिवशी परत आली नाही. "पोरगी एकटी हाय, दोन रोज राहतो," असा रत्नदीपकडून निरोप आला. रत्नदीप निरोप सांगून दारातच उभा राहिला, आत बसला नाही. "गाळ्याईचं नोको आता बाबा," एवढं म्हणाला आणि गेला.

सकाळी श्रावण चहा करून प्यायला. भांडं विसळलं. मग पाय आपसूक रोडकडे वळले.

जागेत कोणीतरी बाई उभी होती. हातात कापडी पिशवी, डोक्यावर पदर, आर्वीकडून आलेल्या गाडीतून नुकतीच उतरलेली. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली. श्रावणनं ओळखलं. मनकर्णाबाई. तिचा नवरा श्रावणच्या हाताखाली कामाला होता. तो गेल्यावर ती शेतमजुरी करायची, आणि कारखाना आल्यापासून बटणं लावायला बसायची. लेकीचं बाळंतपण करायला ती आष्टीला गेली होती.

"मिस्त्री," ती म्हणाली, "मी चुकीच्या जागी त नाई आली? कारखाना कुठं गेला?"

"देवळीकडं नेला."

"नेला म्हन्जे?"

"उचलून नेला. काल."

मनकर्णाबाईनं पिशवी एका ठोकळ्यावर ठेवली. तिला वाटलं मिस्त्री थट्टा करतोय, पण त्याचा चेहरा तसा नव्हता.

"मले कोनी सांगतलं नाई. फोन बंद होता माहा, लेकीच्या पोरानं पान्यात पाडला. आता माही जागा? ताई म्हने, या मावशी परत, तुमची खुर्ची तशीच ठेवतो." तिनं आजूबाजूला पाहिलं, जणू खुर्ची कुठंतरी उरली असेल. "काऊन नेला पन? चांगला चालला होता. गावाचं काही वाकडं केलं होतं काय ताईनं?"

"नाई."

"मंग?"

श्रावणला वाटलं, सांगावं की धंद्याचं असतं, मोठ्या रस्त्याच्या जवळ जावं लागतं. बाई मान हलवून घरी गेली असती. पण ती नवऱ्याच्या माघारी एकटी राहिलेली बाई त्याच्याकडे सरळ पाहत होती.

"म्या जाय म्हटलं तिले," तो म्हणाला. "साक्षगंधात, सगळ्याइसमोर."

मनकर्णाबाई हळूच म्हणाली, "पोरीले असं कोनी म्हनत असते काय, मिस्त्री?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. श्रावणनं तोंड फिरवलं. रोडवरून ऊस भरलेला ट्रक गेला, त्याच्या धुळीत तो उभा राहिला. मग खिशातून फोन काढला. जागृतीचा नंबर त्याला पाठ होता. कित्येक दिवसांत लावला नव्हता.

"बाबा?" तिकडून लगेच आवाज आला. मागे मशिनी सुरू करून पाहिल्याचा आवाज येत होता. "काय झालं? बरे हा ना?"

"बरा हाव. मनकर्णाबाई आली आष्टीहून. इथं जागेत उभी हाय. कामाले आली ती."

"अरे देवा. तिचा फोनच लागत नवता. बाबा, तिले म्हना, तिची जागा हाय. पन गाडी आज गेली येऊन. वर्ध्यात उतरून देवळीची बस धरा लागते, तिले नाई जमाचं एकटीले. तिले म्हना, उद्या गाडीनं ये."

श्रावणनं मनकर्णाबाईकडे पाहिलं. ती पिशवी उचलून तयार होती. आज कामावर जायचं म्हणून ती आष्टीहून निघाली होती आणि आज कामावर जाणारच होती.

"मी आनतो तिले," श्रावण म्हणाला.

जागृतीनं तिकडं कोणाला तरी मशीन थांबवायला सांगितलं.

"या," जागृती म्हणाली. आणि मग, पाहुण्याला म्हणावं तसं, जपून म्हणाली, "जेवाले थांबजा बाबा."

"हाव," तो म्हणाला. "थांबतो."